पीसीच्या प्रोसेसरची पॉवर लिमिट कशी लावायची: विदर्भातला उन्हाळा धरून सगळे टप्पे क्रमानं

आजकाल गावोगावची पोट्टे नागपूर-अमरावतीहून पार्ट मागवून पीसी बनवून रायले, चांगलीच गोष्ट आहे. पण मंग एक व्हिडिओ पाहायचा, बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणारं मदरबोर्डचं सेटिंगचं पान) जाऊन पॉवर लिमिट सरळ ४०९६ वॉट टाकायची, म्हणजे मर्यादाच काढून टाकायची, सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण कामाला लावून स्कोअर देणारं सॉफ्टवेअर) एकदा चालवायचं आणि आकडा वाढला की झालं, असं बहुतेक जण करतात. हे जानेवारीत चालून जातं. मे महिन्यात टिनाच्या खोलीत तोच पीसी पहिल्यापेक्षा हळू चालतो नाहीतर मधेच रिस्टार्ट होतो, आणि मंग दोष प्रोसेसरला. व्हिडिओवाला एसीच्या खोलीत २४ डिग्रीला टेस्ट करतो, आपल्याकडे खोलीच ४० ला असते, त्याचे आकडे आपल्याला लागूच होत नाहीत. म्हणून आपले आकडे आपणच काढायचे, आणि ते काढायचा एक क्रम आहे. तो चुकला की सगळं चुकतं.

सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की करा. पॉवर लिमिट म्हणजे स्पीड नाही, ती वरची मर्यादा आहे. प्रोसेसरला चार गोष्टी अडवतात: वॉट, टेम्परेचर, करंट आणि त्याचा स्वतःचा ठरलेला कमाल क्लॉक, म्हणजे चालण्याचा वेग. यातली जी आधी आडवी येते तिथं तो थांबतो. वॉट आडवे येत असतील तरच लिमिट वाढवून फायदा, नाहीतर आकडा कितीही मोठा टाका, काहीच होत नाही.

हा लेख डेस्कटॉपसाठी आहे. लॅपटॉपवर यातलं काही करू नका.

तयारी

१. आपल्याकडे काय आहे ते लिहून काढा

प्रोसेसरचं पूर्ण नाव, मागच्या अक्षरासकट. आय५-१२४०० ला कंपनीनं बेस पॉवर ६५ वॉट आणि टर्बो पॉवर ११७ वॉट दिली आहे, आय७-१२७०० ला ६५ आणि १८०, आय७-१३७००के ला १२५ आणि २५३. बेसचा आकडा म्हणजे सहसा बायोसमधली लाँग ड्युरेशन लिमिट, तिलाच पीएल१ म्हणतात, आणि टर्बोचा आकडा म्हणजे शॉर्ट ड्युरेशन, म्हणजे पीएल२. पीएल२ किती वेळ चालू द्यायची ते टाऊ ठरवतो, ६५ वॉटच्या चिपवर तो साधारण २८ सेकंद असतो.

एएमडीवर नावं वेगळी. तिथं पीपीटी म्हणजे सॉकेटला मिळणारे एकूण वॉट, टीडीसी म्हणजे सतत चालणारा करंट, ईडीसी म्हणजे क्षणभराचा जास्तीत जास्त करंट. रायझन ५ ३६०० ला हे ८८ वॉट, ६० अँपिअर, ९० अँपिअर असतं. ५६०० आणि ५६००एक्स ला पीपीटी ७६. १०५ वॉटवाल्या ५८००एक्स सारख्या चिपला १४२, ९५, १४०. डब्ब्यावर लिहिलेला ६५ वॉट आणि ही पीपीटी एकच समजणारे खूप जण आहेत, ते दोन वेगळे आकडे आहेत.

बोर्डवर सॉकेटच्या शेजारी व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) हीटसिंक आहे का उघडंच आहे तेही पाहून घ्या. उघडं असेल तर पुढे हात आखडता ठेवावा लागेल.

२. साफसफाई

हे टाळून थेट बायोसमध्ये जाऊ नका. आपल्याकडे सोयाबीन काढणीच्या दिवसांत कुटाराची धूळ, नंतर कापसाचे तंतू, हे सगळं सीपीयू कूलरच्या पात्यांमध्ये जाऊन नमद्यासारखं बसतं. वरून फॅन फिरताना दिसतो, पण हवा आतून जातच नाही. फॅन बोटानं धरून ठेवा, मंग ब्लोअर मारा, आणि हे अंगणात करा. पेस्ट दोन-तीन वर्षं जुनी असेल तर बदलून टाका.

इंटेलच्या डब्ब्यातल्या कूलरला चार प्लास्टिकच्या पिना असतात. त्यातली एखादी अर्धवट बसलेली मी इतक्या मशीनमध्ये पाहिली आहे की आता पहिले तेच पाहतो. बोर्डच्या मागच्या बाजूनं टॉर्च मारा. चारही ठिकाणी पांढऱ्या पायांच्या मधून काळी पिन बाहेर आलेली दिसली पाहिजे आणि पाय फाकलेले पाहिजेत. एका कोपऱ्यात काळी पिन आतच असेल तर तो कोपरा उचललेला आहे, आणि तेवढ्यानं टेम्परेचर सहज दहा-पंधरा डिग्री वर जातं.

३. लाईन

गावातल्या डीपीवर संध्याकाळी लोड वाढतो, वावरातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं. अशा वेळी घेतलेल्या टेस्टवर विश्वास ठेवायचा नाही आणि बायोस अपडेट तर अजिबात करायचं नाही. अपडेट करताना लाईन गेली तर बोर्ड जाऊ शकतो, त्यामुळे यूपीएस लागतोच. ६०० व्हीएचा साधा यूपीएस अंदाजे ३६० वॉट देतो, तेव्हा ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही पूर्ण लोडवर घेऊन त्याच्यावर टेस्ट चालवू नका, लाईन गेल्याबरोबर तो ओव्हरलोड होईल.

४. सॉफ्टवेअर

एचडब्ल्यूइन्फो६४ (टेम्परेचर, वॉट, क्लॉक दाखवतं) आणि सिनेबेंच आर२३, एवढं पुरतं, टप्पा ६ ला ओसीसीटी (स्थिरता तपासणारं सॉफ्टवेअर) लागेल. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून ठेवा, बायोसमधे बदल केल्यावर ती मागितली जाऊ शकते, आणि की नसेल तर डेटा अडकतो.

तपासणी: चिपचं नाव, तिचे कंपनीचे वॉट, बोर्डचं मॉडेल, रिकव्हरी की, हे कागदावर आहे? नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा १: आहे तसं मोजा

रॅमचं एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम तिच्या पूर्ण वेगावर चालवायचं सेटिंग) लावायचं असेल तर ते आत्ताच लावा, नंतर लावलं तर आकडा कशानं वाढला तेच कळणार नाही.

खोलीचं टेम्परेचर मोजा. भिंतीवरचं साधं थर्मामीटर चालतं, पण ते कॅबिनेट जिथून हवा ओढतो तिथं ठेवा. मंग एचडब्ल्यूइन्फो सुरू करून सिनेबेंच मल्टीकोर दहा मिनिटं चालवा. आर२३ मध्ये दहा मिनिटांचा टेस्ट मुळातच लावलेला असतो, लोक तोच बंद करून एकच रन घेतात आणि तिथंच फसतात.

काऊन फसतात ते पाहा. १२४०० वर पीएल१ ६५ ला असेल तर सुरुवातीला सगळे कोअर ४००० मेगाहर्ट्झवर दिसतात आणि पॅकेज पॉवर, म्हणजे पूर्ण चिप खात असलेले वॉट, बहुतेक चिपवर ७५ ते ८० च्या आसपास. अर्धा मिनिट होत नाही तोच पॉवरचा आकडा ६५ वर येऊन चिकटतो आणि क्लॉक ३७००-३८०० कडे घसरतो, मंग शेवटपर्यंत तिथंच. एकाच रनचा स्कोअर घेतला तर त्यात तो पहिला वरचा भाग जास्त भरतो. शिवाय हा हिशोब मागच्या काही वेळाच्या सरासरीवर चालतो, त्यामुळे मशीन थोडा वेळ रिकामं बसल्यावर पहिला रन जास्त येतो आणि लगेच दुसरा घेतला की कमी. सेटिंग बदललं म्हणून स्कोअर बदलला असं वाटतं, पण फरक दोन रनमधल्या वेळेचा असतो.

वहीत लिहायचं ते असं: खोलीचं टेम्परेचर, स्कोअर, आणि दहाव्या मिनिटाला पॅकेज पॉवर, पॅकेज टेम्परेचर आणि इफेक्टिव्ह क्लॉक. साधा क्लॉक नाही, इफेक्टिव्ह क्लॉक, म्हणजे प्रत्यक्षात मिळालेला सरासरी वेग, ही वेगळी ओळ असते. तीनदा घ्या, मधला आकडा धरा. एक टक्क्याचा फरक हा फरक समजू नका.

टप्पा २: कोण अडवतंय ते शोधा

एचडब्ल्यूइन्फोमध्ये खाली परफॉर्मन्स लिमिट रीझन्स नावाचा भाग आहे. इंटेलवर लोड चालू असताना तिथं कशाला 'येस' येतं ते पाहा.

पॉवर लिमिटला येस आलं आणि टेम्परेचर ८० च्या आत आहे: तुमच्या हातात काम आहे, पुढे चला.

थर्मलला येस आलं, म्हणजे चिप १०० डिग्रीला टेकून रायली: लिमिट वाढवून काहीच मिळणार नाही. आधी सीपीयू कूलर, कॅबिनेटचे फॅन, पेस्ट. तोपर्यंत उलट लिमिट कमी करा.

टेम्परेचर बरं आहे, पॉवरही लिमिटच्या खाली आहे, तरी पाच-सात मिनिटांनी क्लॉक धाडकन पडतो: बोर्डचा व्हीआरएम तापला. सेन्सर असेल तर व्हीआरएम किंवा मॉस नावानं दिसतो. १०० च्या वर गेला तर थांबा, त्या बोर्डवर एवढंच.

यातलं काहीच नाही आणि क्लॉक कमाल आकड्यावर स्थिर आहे: चिप पूर्ण चालून रायली, करण्यासारखं काही उरलं नाही. १२४०० ला हेच होतं. तिला ७५-८० वॉट लागतात, तुम्ही ९० द्या नाहीतर ४०९६, ती ४००० च्या वर सगळे कोअर नेणार नाही. १२७०० ची गोष्ट एकदम वेगळी, ती ६५ वॉटवर अडकून पडलेली असते, तिथं लिमिट वाढवली की स्कोअर खरंच उडी मारतो, पण तेवढ्या वॉटांना डब्ब्यातला छोटा कूलर पुरत नाही.

रायझनवर एचडब्ल्यूइन्फोमध्ये पीपीटी, टीडीसी, ईडीसी किती टक्के वापरले ते सरळ दिसतं. ज्याला १०० टक्के, तो अडवतोय.

टप्पा ३: बायोस नवीन करा आणि बोर्डनं काय लावून ठेवलंय ते पाहा

तेराव्या-चौदाव्या जनरेशनचे आय५-१३६००के, आय७, आय९ असतील तर हा टप्पा सक्तीचा आहे. या चिपमध्ये जास्त व्होल्टेज जाऊन त्या कायमच्या खराब होण्याचा प्रकार झाला, इंटेलनं २०२४ च्या ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचना) दिले, ते बायोस अपडेटमधूनच येतात. ते टाका आणि बायोसमध्ये इंटेल डीफॉल्ट सेटिंग्ज निवडा, त्यात आय७ आणि आय९ के चिपला कमाल २५३ वॉट आणि ३०७ अँपिअर बसतात. आधीच खराब झालेली चिप अपडेटनं दुरुस्त होत नाही. गेम मधेच बंद पडणं, फाईल अनझिप करताना एरर येणं असं आधीपासून होत असेल तर ट्यूनिंग सोडा आणि वॉरंटीत द्या, या चिपांची वॉरंटी इंटेलनं आणखी दोन वर्षं वाढवली आहे.

बाकी सगळ्यांनी एवढं पाहा की बोर्डनं आपल्या मनानं लिमिट उघडी सोडली आहे का. बऱ्याच बोर्डवर ऑटो म्हणजे कंपनीचा आकडा नसतो. एमएसआयचा बोर्ड पहिल्यांदा सुरू करताना सीपीयू कूलर कोणता ते विचारतो, तिथं वॉटर कूलर (पाण्यानं थंड करणारा सीपीयू कूलर) दाबलं की लिमिट ४०९६ होते, आणि पुष्कळ जण काही न वाचता शेवटचा पर्याय दाबतात. एसुसवर लिमिट उघडी सोडणारं मल्टीकोर एन्हान्समेंट असतं. हे सगळं बंद करून पीएल१, पीएल२ स्वतःच्या हातानं कंपनीच्या आकड्यावर आणा. इथून आपली मोजणी सुरू.

सावधान: अपडेटनंतर जुनी सेव्ह केलेली प्रोफाईल बहुतेक वेळा चालत नाही. आधी प्रत्येक पानाचा मोबाईलनं फोटो काढा.

टप्पा ४: पहिले व्होल्टेज कमी, लिमिट नंतर

हा क्रम लोक उलटा करतात. चिपची पॉवर क्लॉकच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे व्होल्टेज थोडं उतरवलं की त्याच वॉटमध्ये क्लॉक वर जातो, एक डिग्रीही न वाढता. आपल्या हवेत याच्यापेक्षा स्वस्त फायदा दुसरा नाही.

रायझन: बी४५०, बी५५० सारख्या बोर्डवर पीबीओमध्ये (एएमडीचं लिमिट बदलायचं सेटिंग) जा, ॲडव्हान्स्ड करा. झेन३ पासून पुढच्या चिपवर, म्हणजे ५६०० आणि त्यानंतरच्या, कर्व्ह ऑप्टिमायझर मिळतो, त्यानं व्होल्टेज उतरवता येतं. ऑल कोअर, निगेटिव्ह, १०. टेस्ट. मंग १५, मंग २०. एकदम ३० टाकणारे बरेच असतात, सिनेबेंच पास होतं आणि दोन दिवसांनी नुसतं ब्राउझर उघडं असताना पीसी रिस्टार्ट होतो. कर्व्हची गडबड बहुतेक हलक्या लोडवर दिसते, पूर्ण लोडवर नाही. पीबीओ चालू केल्यावर त्यानं झालेलं नुकसान एएमडी वॉरंटीत धरत नाही, हे माहीत असू द्या.

इंटेल के चिप (नावाच्या शेवटी के असलेली): कोअर व्होल्टेज ऑफसेट, निगेटिव्ह, ०.०२५ व्होल्टपासून सुरू, तेवढ्याच्याच पायरीनं खाली.

इंटेल बिगर-के चिप: इथं बऱ्याच बोर्डवर ऑफसेट चालतच नाही. काही जण एसी लोडलाईन (लोडवर चिप किती व्होल्टेज मागते ते ठरवणारं सेटिंग) कमी करून तेच साधतात. तसं केलंत तर इफेक्टिव्ह क्लॉककडे नीट पाहा. व्होल्टेज कमी पडलं की सीईपी नावाचं संरक्षण मधे पडतं, दिसायला क्लॉक ४००० च राहतो पण इफेक्टिव्ह क्लॉक आणि स्कोअर दोन्ही खाली येतात. टेम्परेचर उतरलं म्हणून खूश होऊ नका, काम कमी झालं म्हणून ते उतरलंय. असं दिसलं की परत ऑटो. डीसी लोडलाईनला हात लावू नका, तिनं पॉवरचं रीडिंगच खोटं होतं आणि मंग सगळा हिशोब बिघडतो.

तपासणी: स्कोअर आधीएवढा किंवा जास्त, टेम्परेचर कमी किंवा तेवढंच. स्कोअर पडला असेल तर एक पायरी मागे.

टप्पा ५: आपला आकडा काढा, मंग लिमिट वाढवा

इथं वही आणि कॅल्क्युलेटर घ्या.

दहाव्या मिनिटाचं पॅकेज टेम्परेचर घ्या, त्यातून खोलीचं टेम्परेचर वजा करा, जे उरलं त्याला वॉटनं भागा. समजा खोली २८, चिप ७८, पॉवर १०० वॉट. फरक ५०, म्हणजे दर वॉटला अर्धा डिग्री. ही तुमच्या सीपीयू कूलरची ताकद.

आता उन्हाळ्यातलं खोलीचं सगळ्यात वाईट टेम्परेचर धरा. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला इकडे बाहेर ४५ च्या वर जातंच, स्लॅबच्या खोलीत घरातला कूलर बंद असताना ४२ धरा, टिनाची असेल तर आणखी. चिप जास्तीत जास्त ८८ ला राहावी असं ठरवलं. ८८ वजा ४२ म्हणजे ४६. ४६ भागिले ०.५ म्हणजे ९२. तुमची बारमाही पीएल१ (रायझनवर पीपीटी) ९० वॉट. व्हिडिओत १५० सांगितली असेल तरी ९०.

हिशोब अगदी काट्यावरचा नाही, पण चुकला तरी दोन-चार डिग्रीनं चुकतो, अंदाजानं टाकलेल्या आकड्यासारखा वीसनं नाही.

लावायची पद्धत: पीएल१ एकावेळी १० वॉटनं वाढवा, प्रत्येक वेळी दहा मिनिटांचा रन, वहीत नोंद. दोन गोष्टींपैकी काहीही झालं की थांबा. एक, तुम्ही काढलेला आकडा आला. दोन, १० वॉट देऊन स्कोअर दोन टक्केही वाढला नाही. दुसरी गोष्ट बऱ्याचदा आधी येते, शेवटचे शंभर-दोनशे मेगाहर्ट्झ फार वॉट खातात, आणि ते सोडून दिले तर हाताला काहीच कमी पडत नाही.

पीएल२ कंपनीच्या आकड्याच्या वर नेऊ नका. डब्ब्यातला कूलर असेल तर पीएल२ पण पीएल१ च्याच बरोबरीनं लावा, अशा वेळी टाऊला काही अर्थ राहत नाही, तो तसाच सोडा.

रायझनवर पीपीटी वाढवाल तेव्हा टीडीसी आणि ईडीसी त्याच प्रमाणात न्या. ८८ ची १०० केली आणि करंट तिथंच ठेवला तर आता करंट अडवेल, आणि लोक म्हणतात पीबीओ चालत नाही.

सावधान: काही बोर्डवर, खास करून एएम५ वर (एएमडीचं नवं सॉकेट), हे आकडे मिलीवॉट आणि मिलीअँपिअरमध्ये मागतात. ८८ वॉट म्हणजे तिथं ८८००० टाकायचं. नुसतं ८८ टाकलं तर मशीन रांगत चालेल. एकक तिथंच लिहिलेलं असतं, वाचा.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. लिमिट, व्होल्टेज, रॅम, फॅन सगळं एकदम बदललं तर बिघडलं कशानं ते शोधण्यात दिवस जातो.

टप्पा ६: टिकतं का ते पाहा

सिनेबेंच पास होणं म्हणजे स्थिर असणं नाही. ओसीसीटीचा सीपीयू टेस्ट एक तास चालवा. मंग पीसी दोन-तीन दिवस रोजच्या कामाला वापरा, रात्री रिकामा चालू ठेवा, स्लीपमध्ये घालून उठवा. यानंतर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीम लॉगला जाऊन डब्ल्यूएचईए-लॉगर नावाची नोंद शोधा, ती हार्डवेअरच्या चुकीची असते. एकही दिसली तरी व्होल्टेजची एक पायरी मागे घ्या, मशीन बंद पडलं नसलं तरी.

टेस्ट दुपारी दोन-तीनच्या सुमारास घ्या. सकाळी सहाला घेतलेली टेस्ट काहीच सांगत नाही.

कॅबिनेट घरातल्या कूलरच्या थेट झोतात ठेवायची सवय आपल्याकडे घराघरात आहे. हवा थंड लागते हे खरं, पण त्या झोतात पाण्याचे बारीक थेंब असतात आणि आपलं बोअरचं पाणी क्षाराचं. काही महिन्यांत बोर्डवर पांढरी पुटं दिसायला लागतात. कॅबिनेट बाजूला घ्या, खोली थंड झाली की त्याचा फायदा तसाही मिळतो. आणि लाईन गेली की घरातला कूलर बंद पडतो पण पीसी यूपीएसवर चालूच राहतो, म्हणून वरचा हिशोब कूलर बंद धरूनच करायचा.

टप्पा ७: दोन प्रोफाईल ठेवा

बायोसमध्ये प्रोफाईल सेव्ह करायची सोय असते. उन्हाळ्याची एक, काढलेल्या आकड्याची. दुसरी हिवाळ्याची: डिसेंबरात खोली १८-२० ला असते, तोच हिशोब त्या टेम्परेचरवर करा, वॉट बरेच वाढवता येतील. बेंचमार्कचा सगळ्यात मोठा आकडा काढायचा असेल तर तो हिवाळ्यात काढा, थंडीचा तेवढा फायदा आपल्याला आहे. होळी झाली की न विसरता उन्हाळ्याची प्रोफाईल लावा.

अडकलात तर

सेव्ह केल्यावर स्क्रीनच येत नसेल तर घाबरू नका. काही बोर्ड दोन-तीनदा स्वतःच चालू-बंद होऊन जुन्या सेटिंगवर येतात, पाच मिनिटं थांबा. तरी नाही आलं तर पीसी बंद करून वायर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, मंग बोर्डवर क्लिअर सीमॉसच्या (बायोसची सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिना स्क्रू ड्रायव्हरनं दहा सेकंद जोडून धरा. पिना सापडल्या नाहीत तर सीआर२०३२ चा गोल सेल काढून पाच मिनिटांनी परत बसवा. चालू झाल्यावर एक्सएमपी आणि बूट ऑर्डर परत लावावी लागेल, आणि बिटलॉकरनं की मागितली तर ती तुमच्या कागदावर आहेच.